दाढेत कोंडायचे औषध: तालुक्याच्या दवाखान्यातून एक परीक्षण

रूट कॅनालच्या दोन बैठकींच्या मधल्या काळात दाढेच्या नलिकांत जे औषध भरून वरून बंद केले जाते, त्याविषयी रुग्णाला सहसा कोणी काही सांगत नाही, आणि दंतवैद्यही पुष्कळदा पुरवठादाराच्या माणसाने जे आणून दिले तेच वर्षानुवर्षे वापरत राहतात. निवड मात्र बरीच आहे. पाण्यात किंवा तेलात कालवलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीन प्रतिजैविकांचे मिश्रण, क्लोरहेक्सिडिनचे जेल, स्टेरॉइड मिसळलेली मलमे आणि ज्यांना केव्हाच निरोप द्यायला हवा होता अशा फॉर्मोक्रेसॉलसारख्या जुन्या बाटल्या, हे सगळे आजही दवाखान्यांच्या कपाटांत शेजारीशेजारी उभे असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना यांतली बहुतेक औषधे मी हाताळली आहेत. त्यांचे हे परीक्षण दंतवैद्य सहकाऱ्यांसाठी आहे, तसेच आपल्या दाढेत नेमके काय कोंडले आहे हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णांसाठीही आहे.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कोणते औषध किती जंतू मारते, याचे आकडे भरपूर छापले जातात. त्या बशीत डेंटिन, म्हणजे दाताच्या आतला कठीण थर, नसतो, सडलेल्या नसेचे अवशेष नसतात, आणि सोयाबीनच्या काढणीमुळे महिनाभर न फिरकलेला रुग्णही नसतो. म्हणून माझी कसोटी जरा निराळी आहे. रुग्ण ठरल्या दिवशी येणार नाही हे गृहीत धरून, ते औषध आत किती दिवस काम करते, जास्त दिवस राहिले तर दाताचे काही बिघडवते का, पुढच्या बैठकीत ते पूर्ण निघते का, आणि आमच्या उन्हाळ्यात ते कपाटात धड राहते का, एवढेच मी पाहते. किंमत त्यानंतर येते, कारण एका दाढेला लागणाऱ्या औषधाचा खर्च एकूण उपचाराच्या मानाने किरकोळ असतो.

तुलनेला हात घालण्याआधी औषधाची मर्यादा सांगणे भाग आहे, कारण इकडे बहुतेक गोंधळ तिथेच होतो. नस मेली की दाताच्या आतला रक्तपुरवठा संपतो. म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणून खाल्लेली प्रतिजैविकाची गोळी त्या नलिकेत पोहोचतच नाही, ती फार तर मुळाच्या टोकाबाहेरच्या हाडातल्या जंतूंना काही दिवस आवर घालते. ठणका थांबला म्हणून रुग्ण निश्चिंत होतो आणि दोन महिन्यांनी गाल सुजवून परत येतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही दातावर प्रत्यक्ष उपचार करणे शक्य असताना केवळ दुखण्यासाठी प्रतिजैविके देऊ नयेत असेच म्हटले आहे. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी. नलिकेतल्या जंतूंचा मोठा भार उतरतो तो फाईल नावाच्या बारीक कानशीने आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाच्या धुण्याने. आत ठेवलेले औषध त्या सफाईतून उरलेल्या जंतूंसाठी असते. जिथे सफाईच अर्धवट झाली आहे, तिथे कितीही महागडे औषध भरले तरी ते घाणीवर पांघरूण घालण्यासारखे होते.

आणि काही रुग्णांच्या बाबतीत नलिकेतल्या औषधाचा विचार करण्याचीही वेळ नसते. खालच्या दाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूने खोल उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली दगडासारखी कडक सूज, वर उचललेली जीभ, गिळता न येणारी लाळ आणि श्वासाला होणारा त्रास, हे चित्र जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ मध्ये वर्णन केले आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. असा रुग्ण दारात आला तर खुर्चीवर न बसवता थेट यवतमाळच्या किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचा असतो. तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्यावर प्रयोग करायचे नसतात. गालावरची किंवा हिरडीवरची मऊ, पिकलेली सूज असेल तर आधी छेद देऊन पू वाहू द्यायचा. नलिकेतून पू येत असेल तर तो थांबेपर्यंत वाट पाहायची, नलिका धुऊन कोरडी करायची आणि मगच औषध. दाढ उघडी ठेवून रुग्णाला घरी पाठवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. त्या उघड्या दाढेत भाकरीचे कण आणि खर्रा जातो, तोंडातले जंतू नव्याने शिरतात, आणि नंतर कोणतेही औषध नीट लागू पडत नाही.

आता औषधांकडे वळते. सर्वांत जुना गट फिनॉलचा आणि फॉर्माल्डिहाइडचा. कापूर मिसळलेले पॅराक्लोरोफिनॉल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दंतवैद्यकात आले, फॉर्मोक्रेसॉल विसाव्या शतकाच्या आरंभी. कापसाच्या इवल्याशा बोळ्यावर थेंब टाकायचा, बोळा पिळून नसेच्या पोकळीत ठेवायचा आणि वाफ खाली नलिकांत जाऊन जंतू मारील अशी आशा करायची, ही ती पद्धत. वाफ जाते, पण औषधाचा जोर पहिल्या एकदोन दिवसांतच ओसरतो, आणि नलिका रिकामीच राहिल्यामुळे मुळाच्या टोकाकडून झिरपणाऱ्या द्रवाला अडवायला आत काहीच उरत नाही. आठ दिवसांनी यायला सांगितलेला रुग्ण तिसऱ्या आठवड्यात उगवतो, तेव्हा तो बोळा नुसता ओला, काळपट आणि दुर्गंधी सोडणारा कापूस झालेला असतो. त्यावर फॉर्माल्डिहाइडचा आणखी एक दोष आहे. ते जंतू आणि जिवंत पेशी यांत भेद करत नाही, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. दातात वापरायच्या थेंबाने कर्करोग होतो असे मी म्हणत नाही, पण ज्याच्यापासून लाभ इतका थोडा आहे त्यासाठी एवढी जोखीम दवाखान्यातल्या मदतनीस मुलीने रोज नाकाने ओढून घ्यावी, याला मला काही कारण दिसत नाही. फॉर्मोक्रेसॉलच्या बाटलीला माझ्याकडे जागा नाही.

याच कुळातली, पण अधिक धोकादायक, ती ‘नस मारायची’ मलमे. पूर्वी त्यांत आर्सेनिक असे, आता बहुधा पॅराफॉर्माल्डिहाइड असते. बाजाराच्या दिवशी पालात बसून दात काढणाऱ्यांकडे आणि काही अर्हता नसलेल्या दवाखान्यांत ती सर्रास वापरली जातात. एका शेतकरी काकांच्या दोन दाढांच्या मधली हिरडी मी पाहिली, ती राखेच्या रंगाची झाली होती, हात लावला तरी दुखत नव्हती, आणि तिच्या खाली पिवळसर हाड उघडे पडून हलत होते. मलम कडेने झिरपले आणि हाड मेले. दोन्ही दाढा गेल्या. हे औषध तुलनेत घेण्याच्या लायकीचेच नाही. त्याचा उल्लेख केला तो फक्त, असे काही दातात भरले गेले असेल तर दुखणे थांबले म्हणून स्वस्थ बसू नये, यासाठी.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे मात्र शंभर वर्षांनंतरही टिकून राहिलेले औषध आहे. १९२० मध्ये हेर्मान याने ते दंतवैद्यकात आणले. ते म्हणजे विरलेला चुना, खर्रा घोटताना तंबाखू-सुपारीत जो पडतो तोच पदार्थ, फक्त शुद्ध स्वरूपातला. हे कळल्यावर काही रुग्णांना हसू येते, काहींना शंका येते, आणि एकाने घरून चुन्याची डबी आणून देऊ का असेही विचारले होते. पानटपरीवरच्या चुन्यात काय काय मिसळलेले असते याचा भरवसा नसल्याने तो प्रयोग कोणी करू नये. औषधाचे सामर्थ्य त्याच्या तीव्र अल्कधर्मीपणात आहे. त्याचा सामू (पीएच) १२.५ च्या आसपास असतो आणि त्या वातावरणात बहुतेक जंतूंचे बाह्य आवरण, प्रथिने व जनुकद्रव्य तग धरू शकत नाहीत. शिवाय मेलेल्या जंतूंच्या आवरणातून सुटणारे जे विष हाड झिजवते, तेही हे औषध निकामी करते, आणि ही गोष्ट बाकीच्या औषधांना नीट जमत नाही. स्वीडनमधील ब्युस्ट्रॉम आणि सुंदक्विस्ट यांच्या गटाने १९८५ मध्ये केलेल्या तुलनेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलेल्या जवळजवळ सर्व नलिका जंतुरहित आढळल्या, तर फिनॉल गटातील औषधे ठेवलेल्या सुमारे एक-तृतीयांश नलिकांत जंतू शिल्लक होते. नंतरच्या काही अभ्यासांत निकाल इतके उजळ आले नाहीत हेही खरे, पण फिनॉलचा बोळा पुन्हा वर आणावा असे त्यांतून काही निघत नाही.

या औषधाला वेळ लागतो. दहा मिनिटे आत ठेवून ते काढून घेतले तर उपयोग होत नाही, किमान सात दिवस द्यावे लागतात, कारण डेंटिन स्वतःच अल्कधर्मीपणा शोषून त्याची धार बोथट करते आणि डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिकांत सामू हळूहळूच चढतो. इथे आमच्या भागातल्या सवयी आणि औषधाचा स्वभाव यांचा मेळ बसतो. सात दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे पंचवीस झाले, तरी हे औषध नलिका भरून बसलेले असते आणि काम करत राहते. ‘म्याडम, कापूस येचून झाला की येतो, तवरी राहू द्या दाढ’ असे सांगून गेलेल्या माणसाच्या दाढेत मला याखेरीज दुसरे काही ठेवायचा धीर होत नाही. मात्र त्यालाही मर्यादा आहे. महिनोन्महिने आत राहिल्यास डेंटिन ठिसूळ होते, आणि विशेषतः लहान मुलांच्या पातळ भिंतीच्या मुळांना त्यामुळे तडा जाण्याचा धोका वाढतो. सायकलवरून पडून पुढचा दात तुटलेल्या, मुळाचे टोक अजून उघडे असलेल्या मुलाच्या दातात वर्षभर कॅल्शियम हायड्रॉक्साइड बदलत राहण्याची जुनी रीत एमटीए हे सिमेंट आल्यापासून मागे पडली, ते योग्यच झाले.

दुसरी उणीव जंतूंच्या बाजूने आहे. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू आपल्या पेशीत आम्लता टिकवून चुन्याच्या अल्कधर्मीपणात जगू शकतो, आणि कँडिडा ही बुरशीही त्याला सहज बधत नाही. पहिल्यांदाच केलेल्या रूट कॅनालमध्ये याची फारशी चिंता करावी लागत नाही. पण आधी झालेले रूट कॅनाल फसून तीनचार वर्षांनी हिरडीवर पुन्हा फोड आला असेल, तर नलिकेत हाच जंतू ठाण मांडून बसला असण्याची शक्यता धरून चालावे.

बाजारात हे औषध तीन रूपांत मिळते आणि खरी निवड इथेच करावी लागते. पहिले रूप सुटी भुकटी. ती काचेच्या पट्टीवर सलाइनच्या थेंबात घट्टसर कालवून लेंट्युलो नावाच्या मळसूत्री तारेने नलिकेत उतरवायची. हे सर्वांत स्वस्त, आणि नीट उतरवले तर सर्वांत परिणामकारकही, कारण पाण्यात कालवलेल्या औषधातून हायड्रॉक्सिल आयन, म्हणजे अल्कधर्मीपणा आणणारे कण, झपाट्याने सुटतात. पण भुकटीच्या बाटलीचे झाकण सैल राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे साधा खडू. दिसायला तीच पांढरी भुकटी, गुण मात्र शून्य. चिमूटभर भुकटी डिस्टिल्ड पाण्यात कालवून पीएच पट्टी बुडवली तर ती १२ च्या वर जायला हवी. जात नसेल तर बाटली टाकून द्यावी. या साध्या परीक्षेचा खर्च नगण्य आहे आणि तरीही ती करणारे दवाखाने मला फारसे दिसले नाहीत.

दुसरे रूप पाण्याच्या पायावर तयार करून सिरिंजमध्ये भरलेले औषध. परदेशी अल्ट्राकॅलपासून देशी आरसी कॅलपर्यंत त्याची अनेक नावे आहेत. बारीक सुईने ते थेट नलिकेत जाते, एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेटसारखा पदार्थ घातलेला असतो, आणि कालवण्याचा वेळ वाचतो. दिवसाला वीज दोनदा जाणाऱ्या गावात हा वेळ मोलाचा ठरतो. माझी पहिली पसंती याच रूपाला आहे. त्रास एवढाच की सिरिंजच्या तोंडाशी औषध वाळून दगड होते. एका कंपनीच्या सिरिंजचे टोक निम्मे औषध शिल्लक असतानाच असे बसले की जोर लावताच सुई निसटून औषध रुग्णाच्या जिभेवर सांडले. तेव्हापासून मी आधी काचेवर एक थेंब काढून पाहते आणि वापर झाल्यावर टोक ओल्या गॉजने पुसून झाकण घट्ट लावते. सुई नलिकेत अडकवून औषध दाबू नये, ही सूचना मात्र जीव लावून पाळण्याची आहे. खालच्या दाढांच्या मुळाखालून जबड्याची नस जाते. तिथे दाबाने गेलेला चुना ती नस जाळतो आणि ओठ व हनुवटी कायमची बधिर होऊ शकते. सुई टोकापासून दोनतीन मिलिमीटर वर, सैल, आणि भरता भरता मागे घेत, एवढे केले तर भीती उरत नाही.

तिसरे रूप सिलिकॉन तेल आणि आयोडोफॉर्म मिसळलेले, पिवळ्या रंगाचे. व्हिटापेक्स आणि मेटापेक्स ही त्यातली प्रसिद्ध नावे. ते वाळत नाही, सिरिंजमधून सुंदर उतरते, एक्स-रेत झळकते, आणि म्हणून नवशिक्या दंतवैद्यांचे लाडके आहे. दुधाच्या दाढांत नलिका कायमच्या भरण्यासाठी ते खरोखर उत्तम, कारण दुधाच्या मुळाबरोबर तेही हळूहळू विरते. पण मोठ्या माणसाच्या पक्क्या दाढेत, दोन बैठकींच्या मधले औषध म्हणून मला ते पटत नाही. तेलातून आयन फार सावकाश सुटतात, म्हणजे ज्या गुणासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरायचे तोच गुण झाकला जातो, आणि तेलाचा थर नलिकेच्या भिंतीवरून धुऊन काढणे पाण्यातल्या औषधापेक्षा कितीतरी अवघड जाते. आयोडीनची ॲलर्जी असलेल्या रुग्णात तर ते वापरूच नये.

औषध काढण्याचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करते. कोणतेही कॅल्शियम हायड्रॉक्साइड नलिकेतून शंभर टक्के निघत नाही. मुळाच्या टोकाकडचा तिसरा भाग आणि दोन नलिकांमधल्या फटी यांत ते चिकटून राहते, आणि ते उरले की कायमच्या भरणीचे सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भिंतीला नीट धरत नाही. शेवटची फाईल पुन्हा पूर्ण लांबीपर्यंत फिरवणे, ईडीटीए या चुना सोडवणाऱ्या रसायनाच्या १७ टक्के द्रावणाने धुणे, आणि शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक टोकाने द्रव हलवणे, या तिन्ही गोष्टी केल्या तर बरेचसे निघते. नुसत्या सलाइनच्या पिचकारीवर भागवणाऱ्यांनी आपल्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे एक्स-रे एकदा काढून पाहावेत.

तीन प्रतिजैविकांच्या मिश्रणाची कीर्ती गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन यांचे हे मिश्रण जपानमधल्या निगाता विद्यापीठातील होशिनो आणि सातो यांच्या गटाने १९९६ च्या सुमारास पुढे आणले. मुळातला जंतुसंसर्ग वेगवेगळ्या जातींच्या जंतूंचा मिळून असतो आणि एकच प्रतिजैविक सगळ्यांना पुरे पडत नाही, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. जिथे हिरडीवरचे नाळव्रण (पू बाहेर पडणारे छिद्र) बंद होत नाही, मुळाच्या टोकाशी मोठी पोकळी आहे आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड दोनदा बदलूनही नलिकेत ओल येतच राहते, तिथे या मिश्रणाने ओल थांबलेली मी पाहिली आहे. त्या अर्थाने ते कपाटात असावे.

पण ते ज्या प्रकारे वापरले जाते त्याला माझा आक्षेप आहे. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, वरच्या रंगीत आवरणासकट खलात कुटायच्या, सलाइनमध्ये कालवून पहिल्याच दिवशी प्रत्येक दाढेत भरायच्या, याला उपचार म्हणता येत नाही. अशा घट्ट लगद्यात प्रतिजैविकांचे प्रमाण गरजेच्या कित्येक पट जास्त असते. मुळाच्या टोकाशी असलेल्या ज्या मूलपेशींच्या जोरावर लहान मुलांच्या दातांची मुळे पुढे वाढवण्याचा प्रयत्न केला जातो, त्या पेशींना मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वरचे प्रमाण बाधक ठरते असे प्रयोगांत दिसले आहे, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्यांना मारत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडॉन्टॉलॉजीने २०१६ च्या आपल्या निवेदनात याच कामासाठी प्रतिजैविकांऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुचवले, त्यामागे हेही एक कारण होते. मिनोसायक्लिन दातातल्या कॅल्शियमला धरून बसते आणि दात करडा-निळसर पडतो. पुढच्या दातात असे झाले तर लग्नाच्या वयाच्या मुलीच्या आईवडिलांना तोंड देणे सोपे नसते. त्यामुळे मिनोसायक्लिन वगळून दोनच प्रतिजैविके वापरणे बरे, आणि तेही मोजून, पातळ करून, दाताच्या वरच्या भागाला न माखता. शेवटचा मुद्दा गावाच्या हिताचा आहे. इथे सर्दी-खोकल्यालाही लोक सिप्रोफ्लॉक्सासिन आणि जुलाबाला मेट्रोनिडाझोल स्वतःच्या मनाने घेतात. त्याच औषधांना आपण दाताच्या अंधाऱ्या फटीत आठवडेच्या आठवडे ठेवले तर त्यांना न जुमानणारे जंतू तयार होण्याला आपलाही हातभार लागतो.

क्लोरहेक्सिडिनचे २ टक्के जेल या दोहोंच्या मधले म्हणता येईल. त्याचा धन विद्युतभार डेंटिनला चिकटतो आणि औषध काढून घेतल्यावरही काही काळ भिंतीवर परिणाम टिकतो. एन्टेरोकॉकस फीकॅलिसवर ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडपेक्षा जास्त प्रभावी आहे, म्हणून फसलेल्या रूट कॅनालची दुरुस्ती करताना मी ते वापरते, काही वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटीच या जेलमध्ये कालवते. ते सडलेली नस विरघळवत नाही आणि जंतूंच्या विषावर त्याचा फारसा प्रभाव नाही, म्हणून पहिल्या निवडीचे औषध ते होऊ शकत नाही. वापरताना एक दक्षता अनिवार्य आहे. नलिकेत सोडियम हायपोक्लोराइट शिल्लक असताना क्लोरहेक्सिडिन घातले तर विटकरी रंगाचा साका तयार होतो, तो सूक्ष्म नलिकांची तोंडे बुजवतो आणि दातालाही डाग पाडतो. दोहोंच्या मधे डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुऊन पेपर पॉइंटने (टिपकागदाच्या बारीक काडीने) नलिका कोरडी करावी.

स्टेरॉइड आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या मलमांत लेडरमिक्स हे नाव जगभर ओळखले जाते. ट्रायॲमसिनोलोन आणि डिमेक्लोसायक्लिन यांचे हे मिश्रण १९६० च्या दशकाच्या आरंभी श्रोडर याने युरोपात आणले. जिवंत पण सुजलेल्या नसेचा ठणका ते झटकन शमवते, आणि मार लागून निखळलेला दात परत बसवल्यावर मुळाची झीज रोखण्यातही त्याचा उपयोग होतो. आमच्याकडच्या पुरवठादारांकडे ते सहज मिळत नाही. त्याच्या जागी मिळणाऱ्या अन्य स्टेरॉइड मलमांविषयी माझे मत सावध आहे: स्टेरॉइडने दुखणे थांबते, जंतू थांबत नाहीत. दुखणे थांबले की आमचा रुग्ण उरलेले रूट कॅनाल झाले असेच समजतो. पू असलेल्या मेलेल्या दाढेत हे मलम भरून त्याला गावी पाठवणे म्हणजे त्याला परत न येण्याचे निमित्त देणे.

औषध कोणतेही असो, ते वरच्या सिमेंटइतकेच दिवस टिकते, आणि परीक्षणांत याचा उल्लेख क्वचितच होतो. ओलाव्याने घट्ट होणारे तात्पुरते सिमेंट किमान साडेतीन ते चार मिलिमीटर जाड नसेल तर लाळ झिरपते. खर्रा चघळणाऱ्याच्या तोंडात ते तेवढे असूनही लवकर झिजते, कारण सुपारी दिवसभर त्याच दाढेखाली दळली जात असते. म्हणून रुग्ण दोन आठवड्यांत परतेल याची खात्री नसेल तर तात्पुरत्या सिमेंटच्या वर ग्लास आयनोमर या अधिक टिकाऊ सिमेंटचा थर देणे मी आवश्यक मानते. खर्र्यामुळे ज्यांचे तोंडच दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेत लेंट्युलो किंवा सिरिंज पोहोचवणे हीच कसरत असते. तिथे कोणते औषध श्रेष्ठ या चर्चेपेक्षा वाकवता येणारी सुई हाताशी असणे उपयोगाचे.

ज्या दाढेत पू नाही, नलिका पूर्ण कोरडी होते, आणि माणूस झरी-जामणीच्या पलीकडच्या गावाहून दिवसातून एकदाच येणाऱ्या बसने आला आहे, त्या दाढेत कोणतेही औषध न ठेवता त्याच बैठकीत रूट कॅनाल पूर्ण करणे हा पर्यायही तुलनेत धरायला हवा. वैद्यकीय अभ्यासांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत एका बैठकीतल्या आणि अनेक बैठकींतल्या उपचारांच्या यशात ठोस फरक आढळलेला नाही, एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखण्याचे प्रमाण तेवढे जास्त दिसते. ते रुग्णाला आधी सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या तर बहुतेक जण ते समजून घेतात. ओल थांबत नसेल तर मात्र माणूस कितीही लांबून आलेला असो, औषध भरून त्याला परत बोलावल्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी पुढची तारीख त्याच्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली तर तो येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

खरेदीविषयी एक सूचना. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कुरिअरच्या गाडीत त्याहून जास्त. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने झपाट्याने कमजोर होते, म्हणून ते गडद रंगाच्या लहान बाटल्यांत, उन्हाळ्यात महिनाभर पुरेल एवढेच घ्यावे. प्रतिजैविकांचे मिश्रण आधी कालवून ठेवू नये. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची भुकटी उष्णतेने बिघडत नाही, तिला फक्त हवा लागू देऊ नये. सिरिंजमधले औषध वाळते, म्हणून जास्त नग घेतल्यावर मिळणारी सूट मी नाकारते आणि दर वेळी दोनच सिरिंज मागवते.